फोटोत पाणी चालत नाही

वालेन्सिया, १८ मे

तीर्थरूप अण्णांस व आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा दादाच्या फोनवर अल्हाम्ब्राचे, म्हणजे इथल्या ग्रानादा गावच्या जुन्या सुलतानी किल्ल्याचे, एकोणचाळीस फोटो पाठवले. आईने सगळे पाहिले, वहिनीने त्यातले चार स्टेटसला लावले. आणि अण्णा, तुम्ही म्हणे फोन दोनदा खालीवर करून परत दिलात नि म्हणालात, "फोटोमा पानी चालस नही." दादा हसत सांगत होता, पण मला ते लागलं. बरोबरच आहे तुमचं. हौदाचे एवढे फोटो काढले आणि हौदात पाणी येतं कुठून ते एकाही फोटोत नाही.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की शेजारची म्हातारी दार वाजवते. म्हणून हे पत्र. छोटीने तुमच्या उजव्या कानाशी बसून मोठ्याने वाचावं. स्पॅनिश नावांवर अडखळली तर तिला रागवू नका, मीही अडखळते.

तर, गेल्या शनिवारी आम्ही दोघं ग्रानादाला गेलो. रात्रभराची बस. तुमचे जावई बस सुटायच्या आत झोपले आणि ग्रानादा आल्यावर उठले, त्यामुळे प्रवास उत्तम झाला असं त्यांचं मत आहे. अल्हाम्ब्राची तिकिटं दीड महिना आधी काढली होती. तिथे असं उठून जाता येत नाही. आतल्या सुलतानी महालात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की महाल बाहेरूनच बघा. पासपोर्ट तर मी मोजून पाच वेळा दाखवला असेल.

त्या पासपोर्टवरून एक गंमत. इथल्या लोकांना दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. माझ्या कागदावर तुमचं नाव मध्ये आहे, ते त्यांना पहिलं आडनाव वाटतं. त्यामुळे दारावरचा माणूस यादी बघून मोठ्याने ओरडला, "सेन्योरा" आणि पुढे तुमचं नाव! बँकेत, दवाखान्यात हे रोजचंच आहे, पण त्या दारात ऐकून मला हसू आवरेना. अण्णा, सुलतानाच्या वाड्यात तुमच्या नावाने पुकारा झाला बरं का.

आमच्या गाईड साठीच्या आसपासच्या बाई होत्या, ग्रानादाच्याच. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र अडकवलं, म्हणजे त्या पुढे हळू बोलल्या तरी मागच्याला ऐकू येतं. (तुमच्यासाठी असंच एखादं मिळतं का बघते आहे.) अठ्ठावीस माणसं होतो. सुरुवातीला बाईंनी विचारलं, काय बघायला आलात? कुणी म्हणालं नक्षी, कुणी बाग. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, बायकोने आणलं. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते."

लहानपणी तुम्ही कुठेही नेलंत की हेच. त्र्यंबकला कुशावर्तावर सगळे डुबकी मारत होते आणि तुम्ही काठावर उभे राहून विचारत होतात, पानी कथाईन येस, कथा जास? आईला तेव्हा लाज वाटायची. बाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग आज तुम्ही माझ्या शेजारून चाला.

आता नीट ऐका. अल्हाम्ब्रा म्हणजे एक लाल टेकडी, तिच्यावर किल्ला, किल्ल्यात महाल. नावाचाच अर्थ तांबडी. एका बाजूला खोल दरीत दार्रो नावाची नदी वाहते. आपल्या पांझरा नदीच्या मानाने ओढाच म्हणा, पण उन्हाळ्यातही धार असते. अडचण अशी की नदी खाली आणि किल्ला वर. १२३८ साली पहिला मुहम्मद हे ग्रानादाचं राज्य हाती घेतो, या टेकडीवर राहायचं ठरवतो आणि पहिल्यांदा काय करतो, तर पाट काढतो. टेकडीच्या पायथ्याशी नदी आहे म्हणून तिथून पाणी उचलायच्या भानगडीत तो पडत नाही. नदीच्या अंगाने सुमारे सहा किलोमीटर वर जातो, जिथे नदीच टेकडीपेक्षा उंच आहे. तिथे बंधारा घालतो आणि डोंगराच्या कुशीतून, काही ठिकाणी चक्क डोंगराच्या पोटातून, हळूहळू उतरत पाट आणतो. पंप नाही, मोटार नाही. नदी खाली धावत सुटते आणि पाट मात्र रमतगमत वरच्या वर राहतो. तुम्ही मला पाचवीत असताना बंधाऱ्यावर उभं करून हेच सांगितलं होतं, की नदीला घाई असते, पाटाला नसते.

या पाटाला ते 'आसेकिया रेआल' म्हणतात, राजाचा पाट. आसेकिया हा शब्द अरबी 'साकिया'वरून आला. गझलेतला साकी असतो ना, प्याला भरून देणारा, त्याच धातूचा. म्हणजे पाट ही पाजणारी. आणि पाटावर नेमलेल्या माणसाला म्हणतात आसेकिएरो. मी बाईंना सांगितलं, माझे वडील आसेकिएरो होते. मराठीत त्याला पाटकरी म्हणतात, हेही सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा 'ट' जमला.

मग फडाचं सांगावं लागलं. एका बंधाऱ्याखाली सगळ्या गावाची जमीन, तिचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणी स्वतः धरायचं नाही, पाटकरीच सगळ्यांचं शेत भिजवणार. पाठोपाठ चालणारा एक इंग्रज म्हणाला, म्हणजे तुमच्या वडिलांवर सगळ्यांचा विश्वास असणार. मी म्हटलं, विश्वास होता आणि दर दोन दिवसांनी भांडणही होतं.

बागेचं नाव हेनेरालिफे. मूळ अरबीत 'जन्नत' आहे त्यात, बाग या अर्थाने. राजवाड्याच्या शेजारच्या उतारावर सुलतानांची ही उन्हाळी हवेली. फोटोतला तो लांबच लांब अरुंद हौद, ज्यावर दोन्ही बाजूंनी कारंज्यांच्या कमानी पडतात, तो वहिनीने स्टेटसला लावलाय. अण्णा, तो हौद नाही. तोच पाट आहे! नदीवरून आलेला राजाचा पाट हवेलीच्या अंगणातून सरळ नेलाय. अंगणाचं नावच 'पाटाचं अंगण'. शोभेचं पाणी वेगळं आणि कामाचं पाणी वेगळं असं काही नाही. आपली मोठी चारी कुणी वाड्याच्या चौकातून नेली, दोन्ही कडांना फुलं लावली, आणि तेच पाणी पुढे शेताला आणि स्वयंपाकाला गेलं, असं समजा.

त्या कारंज्यांच्या कमानींवर मात्र फार भुलू नका. त्या सुलतानांच्या नाहीत, एकोणिसाव्या शतकात कुणीतरी बसवल्या. बाईंना त्या मुळीच आवडत नाहीत. म्हणाल्या, आधी इथे पाणी आवाज न करता चालायचं. १९५८ मध्ये इथे आग लागली, त्यानंतर जमीन उकरून पाहिली तेव्हा मूळ वाफे सापडले, आजच्या पायवाटेच्या बरेच खाली. म्हणजे झाडं खाली आणि माणूस वर, चालताना फुलं पायाशी गालिचा अंथरल्यासारखी दिसणार. आणि वाफा पाटापेक्षा खाली असला की भिजवायला फक्त भोक मोकळं करायचं. शोभा कुठे संपते आणि सोय कुठे सुरू होते, मला काही कळलं नाही.

त्याच्याही वर एक जिना आहे. पाण्याचा जिना असं नाव. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर, जिथे आपण हात ठेवतो तिथे, कौलं उलटी घालून पन्हळ केलीय आणि त्यातून पाणी खळखळत उतरतं. वर झाडांची गर्द कमान. मी हात बुडवला. बर्फासारखं थंड. आई, तुला तिथे बसवून ठेवलं असतं तर तू संध्याकाळपर्यंत उठली नसतीस. जावई जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसलेच.

लोक फुलांचे फोटो काढत पुढे सरकतात, पण बागेच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, तिकडे फार कुणी बघत नाही. सुलतानांच्या काळापासून भाजीपाल्याची, आणि आजही तिथे भाजी पिकते. एक माणूस फावड्याने सरीचं तोंड मोडत होता. पाणी एका सरीतून दुसरीत वळलं, त्याने मातीचा गोळा पायाने दाबला, फावडं खांद्यावर टाकलं आणि पुढे गेला. बस्स, तेवढंच. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि माझा ग्रुप पुढे निघून गेला. कानातल्या यंत्रात बाईंचा आवाज खरखर करत तुटायला लागला तेव्हा पळत सुटले.

अण्णा, तुमच्या लक्षात आलं का? पाणी आधी राजाच्या बागेला, मग महालाला. हेडला, पाटाच्या तोंडाशी, राजा! टेलला, शेवटच्या टोकाला, कोण होतं ते मी विचारलं नाही, पण तुम्हाला अंदाज आहेच.

बागेतून किल्ल्याकडे जाताना एक छोटा दगडी पूल दिसतो, अंगावर एक बुरूज, त्याचं नाव पाण्याचा बुरूज. तो पूल माणसांचा नाही, पाटाचा. मधला खड्डा ओलांडून पाट त्यावरून तटाच्या आत शिरतो. शत्रूने हा एवढाच धागा तोडला तर आतले सगळे तहानलेले, म्हणून तिथे पहारा. तटाच्या आत नुसता राजाचा महाल नव्हता, हमामखाने, चामडं कमावणाऱ्यांचे हौद, कारागिरांची घरं, मशीद, असं आख्खं गाव होतं. पाट मोठ्या रस्त्याला धरून त्या गावातून उतरत जायचा. आम्हीही तसेच उतरलो. सकाळपासून आपण पाण्याच्याच वाटेने चाललो आहोत, हे मला तिथे उमगलं.

वाटेत सुलतानांनंतरच्या ख्रिस्ती राजाचा, पाचव्या चार्ल्सचा, राजवाडा लागतो. १५२७ मध्ये काढलेला. बाहेरून चौकोन, आत शिरलं की गोल अंगण. फार भव्य आहे, नाही म्हणणार नाही. बांधता बांधता पैसा आणि उत्साह दोन्ही संपले आणि छप्पर पडायला विसावं शतक उजाडलं. मला तिथे करमलं नाही. एवढं मोठं अंगण आणि पाण्याचा टिपूस नाही.

पुढे 'आल्काथाबा', म्हणजे किल्ल्याचा लष्करी भाग. हा शब्द ओळखा बघू. आल् काढून टाका. कसबा! पुण्याची कसबा पेठ तीच. अरबी शब्द तिकडे गेले नि इकडेही आले. इथे एखाद्या माणसाचं नाव घ्यायचं नसलं की 'फुलानो' म्हणतात, आणि आपण फलाणा. पहिल्यांदा बाजारात ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी खानदेशातलं भेटलं. उलटही झालंय. आपली शर्करा फारसी-अरबीतून इथे येऊन 'आसुकार' झाली आणि नारिंग 'नारान्खा'.

आल्काथाबाच्या टोकाला एक उंच बुरूज आहे, तोर्रे दे ला वेला. वेला म्हणजे जागणं, जागता पहारा. आपल्या फडावर जागल्या असायचा ना, तसा हा जागल्याचा बुरूज. वर मोठी घंटा टांगलेली. बाईंनी सगळ्यांना सांगितलं की २ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने किल्ल्याच्या किल्ल्या फर्नांडो आणि इसाबेल या ख्रिस्ती राजाराणीच्या हवाली केल्या. त्या दिवसाच्या आठवणीला अजून दर वर्षी ही घंटा वाजते, आणि जी मुलगी ती वाजवते तिचं वर्षभरात लग्न जुळतं अशी समजूत आहे. सगळे हसले, फोटो काढले.

मग गर्दी जरा पांगल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता तुमची गोष्ट. बुरुजाच्या खाली पश्चिमेला लांबवर सपाट हिरवी जमीन पसरलीय, तिला 'वेगा' म्हणतात. नदीकाठची भिजणारी जमीन, म्हणजे आपलं थळच. शेकडो वर्षं या घंटेचं खरं काम होतं ते रात्री तिथल्या शेतकऱ्यांना पाण्याची पाळी कळवायची. ठरल्या वेळी ठरलेले टोले. खाली अंधारात बसलेला माणूस टोले मोजायचा आणि आपली पाळी आली की पाणी आपल्या शेतात वळवायचा, किंवा संपली की पुढच्याला सोडायचा. बाईंचे आजोबा वेगात शेती करायचे. सहा-सात वर्षांच्या असताना आजोबांबरोबर घोंगडी घेऊन बांधावर झोपल्याचं बाईंना आठवतं. आजोबा झोपेत असायचे, पण टोले चुकायचे नाहीत.

अण्णा, मला तुमचा कंदील आठवला. नंतर बॅटरी आली, पण मला कंदीलच आठवतो. आणि चांदणीवरून वेळ सांगणं. ऊस उभा असायचा, त्यात तुमचा कंदील दिसायचा नाही, नुसता उजेड पानांवर हलायचा. आई जागी असायची. आम्ही झोपलो असं समजून ती दाराशी येऊन तो उजेड कुठवर पोचला ते बघायची. खरं ना आई?

त्याच बुरुजावरून दुसऱ्या अंगाला सिएर्रा नेवादा दिसते, बर्फाचे डोंगर. मे उजाडला तरी माथे पांढरे. सगळ्यात उंच शिखर ३,४७९ मीटरचं, मुलासेन, आणि तेही एका सुलतानाच्या नावावर आहे, बोआब्दिलच्या बापाच्या. त्या डोंगरातल्या खेड्यांत एक युक्ती चालते, ती ऐकून तुम्ही मांडीवर थाप माराल. बर्फ वितळायला लागलं की ते पाणी नदीला घाईने जाऊ देत नाहीत. वरच्या वर चर काढून आडवं नेतात आणि मुद्दाम मुरमाड जागी सोडून देतात, जमिनीत जिरायला. पाणी डोंगराच्या पोटात सावकाश उतरतं आणि ऐन उन्हाळ्यात खालच्या गावांच्या झऱ्यांना फुटतं. पाणी अडवा, पाणी जिरवा! आपल्याकडे भिंतीवर रंगवलेलं होतं ना, शाळेच्या. हे लोक शेकडो वर्षं करताहेत. मधल्या काळात गावं ओस पडली, चर बुजले. गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्ववाले स्वयंसेवक घेऊन ते पुन्हा उकरताहेत. आणि उकरताना विचारायला लागतं ते गावातल्या म्हाताऱ्या आसेकिएरोंनाच.

महालात शिरायची आमची वेळ साडेबाराची होती. तिथली नक्षी मी सांगत बसत नाही, ती फोटोत आली आहे. भिंतभर चुन्यातलं कोरीव काम आणि त्यात 'अल्लाखेरीज कुणी विजेता नाही' हे वाक्य इतक्यांदा की मोजता येत नाही. दरबाराच्या छताला लाकडाचे आठ हजारांवर तुकडे जोडून सात आकाशं केली आहेत. मान दुखेपर्यंत बघितलं. एका दालनातल्या दगडी कारंज्यावर तांबूस डाग आहेत, ते सरदारांच्या कत्तलीचं रक्त म्हणून दाखवतात. बाईंनी सरळ सांगितलं, गंज आहे.

पण अंगणं दोन, ती सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

पहिल्या अंगणात मोठा हौद आहे, चौतीसेक मीटर लांब, दोन्ही कडांना मेंदीसारखं कुंपण. त्या झुडपाला आरायान म्हणतात, पान चुरगळलं की वास येतो. हौदाच्या टोकाला पंचेचाळीस मीटरचा बुरूज, आणि तो आख्खा पाण्यात उलटा दिसतो, कंगोऱ्यांसकट. रेष हलत नाही. आणि गंमत म्हणजे हौद साठलेला नाही, त्यात सतत पाणी येतं आहे! दोन्ही टोकांना जमिनीलगत संगमरवराची गोल ताटं आहेत. मधून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतं, ताटात गोल फिरतं, मग छोट्याशा सपाट पन्हळीतून घसरत हौदात मिसळतं. मिसळतं त्या जागी तरंग दिसत नाही. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. रखवालदाराने दोनदा उठवलं.

दुसरं अंगण सिंहांचं. १२४ सडपातळ खांब, आणि मध्ये बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर मोठी परात. सिंहांच्या तोंडातून पाणी पडतं. चारही दिशांच्या दालनांतून चार बारीक पाट अंगणात येऊन मिळतात. अंगणभर पाण्याची ही अशी फुली. सिंह म्हणाल तर फार उग्र नाहीत, आपल्या पोळ्याच्या मातीच्या बैलांसारखे गोंडस आहेत. हे पाचव्या मुहम्मदाचं काम, चौदाव्या शतकातलं. परातीच्या काठावर त्याचा वजीर इब्न जमराक याची कविता कोरली आहे. बाईंनी ती स्पॅनिशमधून इंग्रजीत सांगितली, मी तुम्हाला मराठीत भावार्थ सांगते. आधी तो म्हणतो, वितळलेली चांदी मोत्यांवरून वाहते आहे, दगड आणि पाणी इतके एकसारखे की नक्की वाहतंय कोण ते कळत नाही. इथवर ठीक, कवी लोक म्हणतातच. पण पुढे म्हणतो, पाणी काठावरून ओघळतं आणि लगेच खालच्या वाटा त्याला लपवून टाकतात, जसा प्रेमात पडलेला माणूस चुगलखोराच्या भीतीने डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवतो.

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, बघा, कुठे जातं ते इथेच लिहिलंय.

अण्णा, सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने राजाच्या कारंज्यावर कविता केली आणि तिच्यात सांडव्याचं वर्णन केलं! मला तर हा कवी पाटावर राहिलेला वाटतो.

सगळं संपल्यावर बाकीचे निघून गेले आणि बाईंनी मला उरलेलं उत्तर दिलं. महालातलं, हमामातलं, बागेतलं उरलंसुरलं पाणी उतारावरून खाली जाऊन परत दार्रोलाच मिळतं. दार्रो हेनिलला, हेनिल ग्वादाल्किविरला, तिथून अटलांटिक. ग्वादाल्किविर म्हणजे अरबीत नुसतंच 'मोठी नदी'. मी त्यांना पांझरा, तापी, अरबी समुद्र असं सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली. पैसे देऊ केले वरचे, घेतले नाहीत, म्हणाल्या वडिलांना काहीतरी घ्या. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी काय घ्यावं कळेना, शेवटी स्वतःसाठी आइस्क्रीम घेतलं.

इथे वालेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला चर्चच्या दाराशी आठ पाटांचे आठ पंच बसतात आणि पाण्याचे तंटे तिथल्या तिथे तोंडी मिटवतात, हे मी मागे फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, आपली पंचकमिटी मारुतीच्या पारावर बसायची, तसंच की. आता पुढच्या गुरुवारी पुन्हा जाऊन बघणार आहे, कोण किती वेळ बोलतं ते घड्याळ लावून.

दादा, आता तुझ्याशी थोडं. लाटीपाडा धरणाचं आवर्तन सुटलं तरी आपल्याकडे पोचत नाही, सगळ्यांनी विहिरींवर मोटारी बसवल्यात, हे सगळं मला मान्य आहे. ठिबक कर, माझी ना नाही. पण मळ्यातला सारंग, ती जुनी चारी, सपाट करायच्या आधी अण्णांना एकदा बंधाऱ्यापासून आपल्या बांधापर्यंत नेऊन आण. चालवत नसेल तर तुझ्या गाडीवर. कुठे दगड कशासाठी बसवलाय, कुठे दारं होतं, कुणाची पाळी कुठून सुरू व्हायची, ते त्यांना बोलू दे आणि मोबाइलवर घे. वहिनी, याला आठवण करायचं काम तुमच्याकडे.

आई, तुझ्यासाठी बदामाचा हलवा घेतलाय, इथे तुर्रोन म्हणतात. चिक्कीसारखा कडक असतो, म्हणून मऊतला बघून घेतला. गुडघ्याला तेल लावतेस का? खरं सांग.

अण्णा, माझा एक प्रश्न आहे. त्या हौदात पाणी सतत येतं आणि तरंग उठत नाही, ते कसं केलं असेल? बाई म्हणाल्या की ताटात गोल फिरवून त्याचा जोर मारतात. पण मला वाटतं पन्हळीच्या उतारातही काहीतरी आहे, आणि हौदातून बाहेर जायची वाटही तितकीच मोठी हवी, नाहीतर पातळी हलेल. मापं मला घेता आली नाहीत, पण ताट परातीएवढं आणि पन्हळ हातभर लांब, वीतभर रुंद धरा. विचार करून ठेवा. छोटी रेकॉर्ड करून पाठवेल. पावसाळ्याच्या आत मी पुन्हा जाणार आहे, तेव्हा गुडघ्यावर बसून तुम्ही म्हणता तसं आहे का ते बघून येते.

तुमची धाकटी